पत्ता चुकलेला नारळ

या ब्लॉगवर डोंगर झाले, किनारे झाले, देवळं आणि धबधबेही झाले. तरी सगळ्यात लक्षात राहिलेला प्रवास कोणता असं कुणी विचारलं, की मी सांगते: लालबाग ते बोरिवली, व्हाया घाटकोपर, मुलुंड आणि अंधेरी. लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. पण शनिवार-रविवार दोन दिवसांत आम्ही मुंबईची उपनगरं पालथी घातली, आणि त्यानंतरचं आमचं सगळं आयुष्य त्या दोन दिवसांनी ठरवलं. एवढं हिमालयाने काही केलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि मला पाचवा महिना होता. आम्ही चौघं लालबागच्या चाळीत एका खोलीत राहायचो: मी, नवरा प्रकाश, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना सगळी चाळ दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणायचे. गिरणीतून बाहेर पडून त्यांना काही वर्षं झाली होती. पाळणा टांगायचा तर दादांची खाट जिन्यात काढावी लागेल, अशी घराची अवस्था. तेव्हा खोली सोडायची आणि उपनगरात घर घ्यायचं हे नक्की झालं. कुठे, एवढंच ठरायचं होतं. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली अशा तीन जागा प्रकाशने हेरून ठेवल्या होत्या. मुलुंडच्या बिल्डरचा माणूस म्हणत होता, रविवार संध्याकाळपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो.

एका रात्री जेवताना प्रकाशने विचारलं, "तुम्हाला कुठे आवडेल ते सांगा तरी."

"माका काय, खंयय चालात," दादा म्हणाले.

"तुमी सगळे म्हणशात तां," सासूबाई म्हणाल्या.

"माझं काहीच नाही," मी म्हणाले. त्या घरात सून होऊन मला वर्षच झालं होतं. नवी सून याहून वेगळं काय म्हणणार?

प्रकाशने माझ्याकडे पाहून मान डोलावली, जणू काहीतरी ठरलं. आमच्या घराला भीड नावाचं जुनं दुखणं होतं. दुसऱ्याला काय हवं असेल त्याचा अंदाज बांधायचा, तेच आपल्याला हवंय असं सांगायचं, आणि वर समाधानाने ढेकर द्यायची. भीड भिकेची बहीण म्हणतात ते आम्हाला पाठ होतं, पण ते दुसऱ्यांच्या घराबद्दल आहे असं वाटायचं.

प्रकाशच्या ऑफिसातला आंतोन आपली जुनी फियाट घेऊन शनिवारी सकाळी आला. मरोळ गावठाणातलं हे ख्रिस्ती घर, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं, आणि आंतोनचा तर तोंडाचा पट्टा कायम चालू. "चला, बिल्डिंगा बघूया. दोन दिवस गाडी तुमची, डोकं माझं खाऊ नका म्हणजे झालं."

निघण्याआधी दादांनी गाडीपुढे गाऱ्हाणं घातलं. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाआधी घरातलं वडीलधारं माणूस देवाला मोठ्याने साकडं घालतं. प्रत्येक वाक्य "रे म्हाराजा" म्हणून संपतं, आणि जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. ही नुसती साथ नसते. 'व्हय' म्हणणारा देवासमोर त्या वाक्यावर सही करतो असं दादा मानायचे. चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. मनात नसताना व्हय म्हणशात तर देव नाय, जीभच शिक्षा करतली, असं ते पोरांना दटावायचे.

"आज घर बघूक भायर पडतव, वाटेत सांभाळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघं म्हणालो. आंतोन एक क्षण उशिरा, पण सगळ्यांहून मोठ्याने म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

सायनपर्यंत आमच्या ओळखीची मुंबई, कुर्ल्यापासून पुढे आग्रा रोड. या रस्त्याने आज जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, दहानंतर ट्रकच्या मागे बसून आयुष्याचा विचार करावा लागतो. तेव्हाही ट्रक होतेच, पण दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, त्यावर शेवाळ आणि मध्येच एखादा मोकळा मळा दिसायचा.

घाटकोपरची जागा पश्चिमेला, टेकडीकडे चढणाऱ्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होती. खाली भरगच्च बाजार. खोल्या लहान, स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावायला लागेल असा अंधार. आम्ही भिंती ठोकून बघत होतो तेव्हा सासूबाई गॅलरीत गेल्या आणि तिथेच राहिल्या. शेजारच्या गुजराती बाई त्यांच्याशी बोलायला आल्या. भाषा एकमेकींना अर्धीच कळत होती, तरी त्यांचं लोणच्यावरून बोलणं रंगलं होतं. मग सासूबाईंनी गॅलरीतूनच खालच्या भाजीवालीला मेथीचा भाव विचारला, तो पटला नाही म्हणून तिला दोन शब्द सुनावलेही. घर घ्यायच्या आधीच भांडण झालं म्हणून आम्ही हसलो.

"कशी वाटली जागा?" प्रकाशने विचारलं.

"बरी आसा," सासूबाई म्हणाल्या. "पण लहान. बाळाक वारो व्हयो." त्यांनी गॅलरीचं दार स्वतः लोटून घेतलं.

खाली उतरून आम्ही ढोकळा आणि पात्रा खाल्ला. घाटकोपरला जाऊन उपाशी येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. स्टेशनजवळच्या कुठल्याही गर्दीच्या दुकानात शिरा आणि जे गरम असेल ते मागा, एवढा एकच सल्ला पुरे. खाण्याचा खर्च तेव्हा काहीच नव्हता, आजही खिशाला सोसवेल असाच आहे.

मुलुंडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, दुतर्फा झाडं, मागे डोंगराची निळसर रेघ. लालबागहून आलेल्या माणसाला ते परदेशासारखं वाटलं. जागा तिसऱ्या मजल्यावर होती आणि खरोखरच सुरेख. मोठी बैठक, वेगळी झोपायची खोली, दोन बाजूंनी वारा. आंतोन रिकाम्या बैठकीत हात पसरून गोल फिरला. "झकास. इथे क्रिकेट खेळता येईल रे परकाश."

आता मी तुम्हाला हुबेहूब सांगते काय झालं, कारण यावरून आमच्या घरात पुढे कितीतरी वेळा वाद रंगले आहेत. दादा खिडकीशी उभे राहून म्हणाले, "हयसून ठाणा किती लांब?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझं माहेर ठाण्याला. सासूबाई म्हणाल्या, "भांडुप तर हाकेवर आसा," आणि दादांकडे पाहिलं, कारण दादांच्या गावची निम्मी मंडळी आणि त्यांचं भजनी मंडळ भांडुपला. प्रकाश म्हणाला, "खोल्या मोठ्या आहेत, आईला मोकळं वाटेल." मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "छान आहे."

झालं, ठरलं. मुलुंड हवं असं कुणीच म्हणालं नव्हतं. तरी जिना उतरेपर्यंत आमच्या तोंडी 'आपली मुलुंडची जागा' असा शब्द रुळला होता. किल्ली घेऊन आलेल्या बिल्डरच्या माणसाला प्रकाशने सांगितलं, उद्या बोरिवलीची एक जागा नावापुरती बघतो आणि संध्याकाळी इसार द्यायला येतो.

परत कांजूरपर्यंत येऊन आम्ही पवईकडे वळलो. आज इथे उंच इमारतींची भिंत आहे. तेव्हा रस्ता तळ्याच्या काठाने जायचा, पलीकडे गवत आणि टेकड्या, आणि पाण्यात पाणकोंबड्या. आंतोनने गाडी थांबवली. आम्ही कणसं भाजून घेतली आणि कठड्यावर बसून खाल्ली. मला बरं वाटत होतं. सासूबाईंनी आपल्या कणसाचे कोवळे दाणे काढून माझ्या हातावर ठेवले. खरं तर त्यांनाही कोवळेच दाणे आवडायचे, हे मला फार पुढे कळलं.

रात्रीचा मुक्काम आंतोनच्या घरी होता. मरोळ गावठाणात शिरलं की आजही मुंबई मागे राहिल्यासारखी वाटते: अरुंद गल्ल्या, कोपऱ्यावर फुलांचा हार घातलेला क्रूस, पुढे ओसरी असलेली बैठी घरं. आंतोनच्या आईला, म्हणजे मावशींना, आमचा शनिवार ठाऊक होता. त्यांनी मासळी न करता वालाची भाजी, भात आणि तळलेले गोल फुगे केले होते. पानावर बसलो आणि दादांनी पहिला भात मिटक्या मारत संपवला.

"अजून भात वाढू?" मावशींनी विचारलं.

"नको, नको," दादा म्हणाले.

मावशींनी पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्याकडे पहिलं नको म्हणजे सभ्यपणा, दुसरं नको म्हणजे थोडासा, आणि तिसऱ्यांदा पानावर हात आडवा धरला तर तो खरा नकार. मावशींच्या घरी नको म्हणजे नको. दादा रिकाम्या पानात बोट फिरवत बसले. प्रकाशने टेबलाखालून मला पाय मारला. आंतोनला मात्र कळलं. "मम्मी, पातेलं आण परत. यांचं नको मोजावं लागतं."

मावशी हसत बाहेर आल्या. "अवो, मंग सांगायचा नाय? मी काय मनातला वाचते काय?"

दादांनी दोनदा भात घेतला. आम्ही त्यावर खूप हसलो आणि त्यातून काही शिकलो नाही.

रविवारी सकाळी आरेच्या रस्त्याने निघालो. हा रस्ता चुकवू नका. गोठ्यांचा वास, दोन्ही बाजूंना झाडी, आणि वाटेतल्या दूधकेंद्रावर काचेच्या बाटलीतलं थंडगार मसाला दूध. सासूबाईंनी दुसरी बाटली मला दिली, मी ती प्रकाशला दिली, प्रकाशने दादांना, आणि दादांनी ती परत सासूबाईंच्या हातात ठेवली. शेवटी आंतोन प्यायला.

गोरेगावला हायवेला लागलो. दिंडोशीच्या वसाहतीचं बांधकाम डावी-उजवीकडे चालू होतं, पुढे कांदिवली आणि मग बोरिवली. त्या काळी लालबागच्या माणसाला बोरिवली म्हणजे वेशीबाहेर. "तिथे वाघ येतात," असं चाळीत कुणीतरी सांगितलं होतं, आणि जंगल इतकं लागून होतं की ते अगदीच खोटं नसावं.

जागा तळमजल्यावर होती. बैठकीत दोन खुर्च्या टाकल्या की तिसऱ्या माणसाने आत जावं. भिंतीला रंग नव्हता. पण मागचं दार उघडलं तर पाच-सहा पावलांची मातीची पट्टी, तीत दोन माड आणि एक बुजत आलेली विहीर. दादा चपला काढून मातीत उतरले. त्यांनी चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग विहिरीत वाकून बघितलं आणि हात झटकून आत आले.

मी पुढच्या खिडकीशी गेले होते. रस्त्यापलीकडे शाळा होती. रविवार असल्याने मैदान रिकामं होतं, फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच. माझं बी.एड. लग्नाच्या आधी झालं होतं आणि लग्नानंतर त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं, मीही नाही. प्रकाश दाराशी उभा राहून किल्लीवाल्याला विचारत होता की स्टेशनला चालत किती वेळ लागतो. त्याचं ऑफिस अंधेरीला. उत्तर ऐकून त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"कशी वाटली?" त्याने बाहेर आल्यावर विचारलं.

"लांब आसा," दादा म्हणाले.

"लांब आहे," मी म्हणाले.

सासूबाई थेट गाडीत जाऊन बसल्या. त्या सबंध सकाळ गाडीत आपल्या पिशवीतली मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ती त्यांनी आदल्या दिवशी, भांडण झालेल्या त्याच भाजीवालीकडून, जाता जाता घेतली होती.

बाजारात नारळ, विड्याची पानं आणि हळदकुंकू घेतलं आणि मुलुंडला निघालो. स्वतःचं घर घ्यायला निघालेल्या त्या गाडीत कुणी एक शब्द बोलेना. दादा बाहेर बघत होते. प्रकाश अंधेरीहून मुलुंडला यायच्या दोन बसगाड्यांचा हिशेब करत होता, असं त्याने नंतर सांगितलं. मी माझ्या आईचा विचार करत होते. आई माझी गुणी, पण ठाण्याहून मुलुंडला ती दिवसाआड आली असती आणि माझ्या सासूच्या घरात मला पोळ्या कशा कराव्यात ते शिकवलं असतं. पवईच्या चढावर आंतोनने मागे वळून पाहिलं.

"काय रे, घर घ्यायला चाललोय का मयताला?"

सासूबाईंनी मेथीची जुडी पिशवीत परत घातली.

मुलुंडच्या जागेत बिल्डरचा माणूस वाट बघत बसला होता. इसाराचं पाकीट प्रकाशच्या खिशात होतं. दादांनी चपला काढल्या, उंबऱ्यावर पान मांडलं, त्यावर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. आम्ही मागे हात जोडून उभे राहिलो. दादांचा आवाज रिकाम्या घरात घुमला.

"बा देवा म्हाराजा, गावच्या वेशीपासून हयसर तुझी नजर आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आजपर्यंत एका खोलयेत चार माणसा सुखान रवली, ती तुझी कृपा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे मी मनापासून म्हणाले. ते खरं होतं.

"येणाऱ्या बाळाक हवा, पाणी, उजेड भरपूर गावांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आंतोनचा आवाज सगळ्यात वर.

"ह्या घर आमच्या सगळ्यांच्या मनाक इला हा, म्हणान घेतव रे म्हाराजा."

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. मला वाटलं, माझं एकटीचं राहिलं तर कुणाला कळणार नाही, बाकीचे म्हणतीलच. मग लक्षात आलं की बाकीचेही म्हणालेले नाहीत. आंतोननेसुद्धा नाही, कारण तो आमच्यामागून म्हणायचा. खालून एका सायकलची घंटी ऐकू आली.

दादांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, आम्हाला ऐकू गेलं नाही. त्यांनी परत सुरुवात केली, "ह्या घर आमच्या सगळ्यांच्या..." आणि तिथेच थांबले. मग ते उंबऱ्यावर, नारळाच्या शेजारी, बसले.

"तुमका काय दोष देव," ते म्हणाले. "माझ्याच तोंडात व्हय येयना."

सासूबाईंना आधी हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "अवो, मग तुमी कित्याक म्हणालात? माका वाटला तुमका भांडुप व्हया."

"माका? भांडुपातल्या भजनांक माका दर शनवारी वडून नेतीत. मी म्हटलंय सुनेचा म्हायार जवळ."

"मला नको माहेर इतकं जवळ," मी म्हणाले. हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं यावर माझा स्वतःचाच विश्वास बसेना.

"आणि मी म्हटलं, आईला मोठी खोली," प्रकाश म्हणाला. "मला रोज दोन बस बदलायला लागणार होत्या."

"माका मोठी खोली झाडूक व्हयी?" सासूबाईंनी विचारलं.

आंतोन दाराशी टेकून उभा होता. "म्हणजे हे घर कुणालाच नको? काल तर तुम्ही याला आपलं म्हणत होता यार."

आम्ही तिथेच रिकाम्या फरशीवर बसलो. बिल्डरच्या माणसाने कपाळाला हात लावला आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला, हे त्याचं ऋण मी विसरणार नाही. दादा म्हणाले, आता परत 'खंयय चालात' म्हणणाऱ्याला इथेच ठेवून जाऊ. एकेकाने बोलायचं, आणि काय हवं याबरोबर काय नको तेही सांगायचं. दादांनी ती माती सांगितली. मी शाळा सांगितली, घाबरत घाबरत. प्रकाशने स्टेशन सांगितलं. तिघं बोरिवलीचे निघालो.

सासूबाई शेवटी बोलल्या. "माका घाटकोपर व्हया. तेच्यात नाय काय? गॅलरीत उभ्या रवला की माणसा दिसतत. बोरिवलीत मी माडाकडे बोलू?"

आता खरी पंचाईत झाली. आमच्या घरात कुणी असं सरळ बोललं की पुढे काय करायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. प्रकाश लगेच म्हणाला, "मग घाटकोपरच घेऊया." सासूबाईंनी त्याला झटकलं. "परत तोच खेळ? घाटकोपरात पाळणो खंय बांधतलंस? माका कळता. माका व्हया तां मी सांगलंय, तां मेळूकच व्हया असा नाय. पण बोरिवलीक येवचा तर माझी एक अट आसा. लालबागात माझी भैण आसा. दर बुधवारी मी तिच्याकडे जातलंय, आणि येताना वाकडी वाट करून घाटकोपराक उतरान बाजार करतलंय. त्या दिवशी रातच्या जेवणाचा कोण बघतला, तां आत्ताच ठरवा."

आम्ही दादांकडे पाहिलं. दादांनी आयुष्यात चहाचं आधणही ठेवलेलं नव्हतं. त्यांनी नारळाची शेंडी सरळ केली.

"भात मी लावीन," ते म्हणाले.

बिल्डरचा माणूस चहाचे पेले घेऊन वर आला. "साहेब, नारळ फोडायचा की नाही?" आणखी एक पेच होता. देवापुढे ठेवलेला नारळ असाच उचलून नेत नाहीत. दादा विचारात पडले. सासूबाईंनी पदर खोचला. "देवाक सांगा, पत्तो चुकलो." दादांनी देवाला तसं सांगितलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि नारळ परत पिशवीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशने रजा घेतली आणि आम्ही पुन्हा बोरिवलीला गेलो. तोच नारळ त्या रंग नसलेल्या घराच्या उंबऱ्यावर ठेवला. दादांनी सगळं क्रमाने म्हटलं, हवा, पाणी, बाळ, माती, शाळा. मग जरा थांबून म्हणाले, "आणि हिचा मन घाटकोपरात आसा, तरी ही आमच्यावांगडा हय येता, ह्या आमका ठावक आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. सगळ्यात मोठा आवाज सासूबाईंचा होता.

या वाटेने जायचं तुमच्या मनात असेल तर सांगते: गाडी असेल तर एक दिवस पुरे, आता पवईकडून थेट रस्ता झालाय. घाटकोपरला नाश्ता, पवईला तळं, मरोळमध्ये पायी फेरफटका, आणि आरेतून पुढे. घर बघायला जात असाल तर मात्र दोन दिवस ठेवा, आणि निघायच्या आधीच प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा. जेवणाच्या पानावर विचारू नका.

बोरिवलीच्या घरात आमची मुलगी रांगली, मी समोरच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं. विहीर पालिकेने बुजवली, एक माड पडला, एक आहे. चुका आम्ही पुढेही पुष्कळ केल्या. गुजरातची एक सहल केली आणि एक फ्रिज घेतला तो कुणाच्या भिडेपायी, यावर अजूनही एकमत नाही. पण मोठं काही ठरवायचं असलं की गाऱ्हाणं घातल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला निघाली तेव्हा "आम्ही सगळे खूश आहोत" या वाक्याला मी व्हय म्हणाले नाही. ती माझ्या गळ्यात पडली, आणि गेली. तसं जाणं तिला आणि मला दोघींना सोपं झालं.

सासूबाई दर बुधवारी लालबागला जायच्या आणि संध्याकाळी घाटकोपरची मेथी घेऊन परत यायच्या. दादा भात लावायचे. तो खाली करपायचा आणि वर कच्चा राहायचा, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यात काडीची सुधारणा झाली नाही. दादा गेल्यावर एकदा मी सासूबाईंना विचारलं, "आई, घाटकोपर घेतलं असतं तर बरं झालं असतं का हो?"

त्या मेथी निवडत होत्या. "घाटकोपर माका आजूनय आवडता," त्या म्हणाल्या. "पण थंय गेलंय असतंय, तर ह्यांच्या हातचो करपलेलो भात माका कोणी वाढलो असतो?"

आता त्याही नाहीत. ही पोस्ट मी बुधवारी लिहितेय. प्रकाशने कुकर लावलाय, आणि आतून वास यायला लागलाय.